बहात्तराव्या दिवसाची दुपार

९ जून

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर नाही म्हणून तू मला आळशी, कामचुकार आणि पोस्टखात्याची वैरीण म्हणून मोकळी झाली असशील. ते सगळं मान्य करून पुढे लिहिते. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन काका उचलतात, ऐकू येत नाही म्हणून स्पीकर लावतात, आणि मी जे बोलते ते तुझ्याआधी समोरच्या बिऱ्हाडाला कळतं. आजचं तसं बोलायचं नाही.

दादाच्या गुंडीबद्दल तुला अर्धंमुर्धं कळलंच आहे. पोरगी चार महिन्यांची झाली. जागी असली की बघत राहावी अशी. मूठ तोंडात कोंबते, पंख्याकडे बघून हसते, माझा चष्मा ओढते. झोपली की मात्र श्वास उथळ होत जातो. मागच्या महिन्यात साधी सर्दी झाली आणि वहिनीला ती पाळण्यात निळी पडलेली दिसली. उचलून हलवल्यावर जागी झाली, रंग परत आला. दादाने फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याला आहेस तसा आमच्याकडे घेऊन ये म्हटलं, कारण आठ वर्षं मी हेच बघते आहे, पण लोकांच्या पोरांत.

माझं काम तुला एकदा समजावलं होतं. पोरांना झोपवायचा पगार मिळतो म्हणजे चैन आहे, असं तू म्हणाली होतीस. झोपेत श्वास अडणारी मुलं आमच्याकडे येतात. डोक्याला लेपाने तारा चिकटवायच्या, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाखाली बारीक नळी, बोटाला चिमटा. मग मूल झोपतं आणि शेजारच्या खोलीत पडद्यावर त्याच्या श्वासाची रेघ चालत राहते. ती रेघ मी वाचते. बहुतेकांचे टॉन्सिल वाढलेले असतात, ते काढले की गाडी रुळावर येते. गुंडीचं तसं नाही. माणूस झोपला तरी त्याच्या आत कुणीतरी जागं असतं आणि श्वास घे, श्वास घे, म्हणून सांगत राहतं. गुंडीच्या आतलं ते कुणीतरी तिच्याबरोबरच झोपतं. याला औषध नाही. डोळा लागला की तोंडावर मास्क बसवायचा आणि यंत्राने श्वास द्यायचा, प्रत्येक झोपेला, बहुतेक जन्मभर. मास्कच्या पट्ट्यांनी तिच्या गालावर वळ उठतात. वहिनी ते बघते आणि भिंतीकडे तोंड करून रडते.

रक्त तपासलं तर हा दोष घराण्यातून आलेला निघाला. दादात आहे, आणि त्याला जन्मात शिंकेपलीकडे काही झालं नाही. काहींच्या अंगात तो असाच गप्प पडून राहतो. आईत नाही, म्हणजे बाबांकडून आला, आणि बाबा आता विचारायला नाहीत. माझ्यात नाही. ते कळल्यावर इतकं हायसं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

आमच्या मोठ्या डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, अशा घराण्यांचा अभ्यास करताहेत. घरचीच फाइल म्हणून मला तिच्यापासून लांब ठेवलंय, ते बरोबरच आहे. पण बाईंनी परवा विचारलं, तुमच्यात पूर्वी कुणी तान्हं मूल झोपेत गेलं होतं का. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि काकू, मला आठवलं. माझ्या जन्माआधीची गोष्ट, घरात कुणी कधी नीट न सांगितलेली. तुझं बाळ.

विचारू का? नको असेल तर हे पत्र फाडून टाक आणि मला मनसोक्त शिव्या दे. तुझा राग चालेल, अबोला चालणार नाही.

काकांना नमस्कार.

तुझी,
ठकू

१७ जून

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे सर्व ठीक. शाळा सुरू झाल्या, त्यामुळे गणवेशांचा ढीग लागलाय आणि शिवणयंत्राचा पट्टा आत्ताच तुटायचा होता. तुझ्या काकांनी तो दुरुस्त केला. तीन तास लावले आणि वर मला यंत्र कसं वापरावं यावर भाषण दिलं.

गालावर वळ उठतात म्हणतेस. उठणारच. ते मास्क बनवणारे यंत्राचा विचार करतात, गालाचा कोण करणार? सोबत त्या पट्ट्यांवर चढवायला मऊ सुती कापडाच्या सहा खोळी पाठवते आहे. आत पातळ अस्तर आहे, शिवण बाहेरच्या अंगाला घेतली आहे म्हणजे कातडीला टोचायची नाही. डोक्याचा घेर कळव. अंदाजाने कापलंय, आणि पोरं महिन्याला वाढतात. धुताना पिळू नये.

तू जे विचारलंस ते विचारू नकोस.

दादाला आणि सूनबाईला आशीर्वाद. गुंडीला माझ्याकडून लांबूनच एक पापा.

काकूची माया गृहीत धरावी,
काकू

२१ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र टाकून आले, शिवायला बसले आणि तीन शर्टांची काजं उलट्या बाजूला करून ठेवली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. म्हणून लिहिते. नाहीतर यंदा अख्खी शाळा डावी-उजवीकडे बटणं लावून फिरायची.

तो बहात्तर दिवसांचा होता. तेव्हा आमचं घर दोन खोल्यांचं होतं आणि सासूबाई आमच्याकडेच होत्या. दुपारचे अडीच वाजले असतील. बाळाला दोन दिवस सर्दी होती. मी त्याला पाजलं आणि जवळ आडवी झाले. भिंतीकडे तो, कडेला मी. मला झोप लागली. तास झाला असेल, सव्वा तास झाला असेल. जाग कुणाच्या हाकेने आली नाही, खोली फार शांत होती म्हणून आली.

माझा उजवा हात त्याच्या अंगावर होता. एवढं मला ठाऊक आहे. नुसता हात होता की माझा भार होता, ते ठाऊक नाही. मी झोपेत होते गं. झोपलेल्या माणसाने साक्ष कशी द्यायची?

सासूबाई दारात आल्या, बघितलं, आणि अंगाखाली घेतलंस की गं त्याला, एवढंच म्हणाल्या. माझ्या तोंडावर पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत, पण त्या एका वाक्याला पाय फुटले. ते कुठे कुठे गेलं ते मला बायकांच्या नजरेवरून कळायचं. तान्हं मूल कुणी माझ्या मांडीवर देईना. तू झालीस तेव्हा तुला माझ्या हातात दिलं ते मी खुर्चीवर ताठ बसलेली असताना आणि समोर दोघी उभ्या असताना. तुझ्या आईला बोल लावत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

तुझे काका कामावर होते. निरोप गेल्यावर आले. वजनमाप खात्यात नुकतेच निरीक्षक झाले होते. गावभरचे तराजू तपासायचे आणि खरे निघाले की शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. ते बाळाजवळ बसले. आईचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तसं नाही, आई. एवढे तीन शब्द. त्यांची मी वाट बघितली, त्या दिवशी, तेराव्या दिवशी, सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा. पण ज्याचं वजन आपण केलं नाही त्यावर शिक्का मारायचा नाही, असा माणूस. वाईट नाहीत. एकदा हात उचलला नाही, टाकून बोलले नाहीत. नुसते बोललेच नाहीत. पुढे मूल झालं नाही. मीच होऊ दिलं नाही म्हण.

तुझ्या बाईंना हवं असेल ते सांगते. दूध पिताना दमायचा, कपाळाला घाम यायचा. झोपला की इतका गप्प की शेजारीण म्हणायची, नशीबवान आहेस, पोर त्रास देत नाही. झोपेत ओठ काळपट दिसायचे. थंडी वाजत असेल म्हणून मी टोपी शिवली होती.

आता तुमच्या शास्त्राला काय कळतं ते सांग. पण एक कर. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तशी पत्रं मी खूप वाचली आहेत.

माया आहे तशीच आहे,
काकू

२९ जून

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कामावर मिळालं. वाचून मी चादरींच्या खोलीत जाऊन बसले. परिचारिकेने येऊन विचारलं तेव्हा डोळ्यांत लेप गेला म्हणून सांगितलं.

बरं वाटावं म्हणून लिहू नको म्हणालीस, म्हणून जसं आहे तसं लिहिते. घाम, दमणं, काळपट ओठ, सर्दी, हे सगळं गुंडीशी जुळतं. पण असं पुष्कळ गोष्टींत होतं. बाळाचं रक्त कुणी ठेवलेलं नाही, तेव्हा ठेवायची सोयच नव्हती. एकच वाट उरते. बाबांमध्ये दोष होता, म्हणजे काकांमध्ये असण्याची शक्यता निम्मी आहे. काकांच्या रक्तात तो निघाला तर बाळालाही तेच झालं असावं, असं बाई जवळपास खात्रीने म्हणतील. नाही निघाला तर काहीच कळणार नाही. काकू, हे नीट वाच. नाही निघाला म्हणजे तो आळ खरा ठरला, असं अजिबात नाही. आमच्याकडे एक अख्खं कपाट अशा तान्ह्या मुलांच्या कागदांचं आहे, जी एकटी, स्वतःच्या पाळण्यात, अंगाला कुणी बोटही न लावता गेली. का ते आम्हाला माहीत नाही. एवढी यंत्रं, एवढ्या तारा, आणि शेवटच्या ओळीत आम्ही लिहितो, कारण अज्ञात. मी स्वतः किती वेळा लिहिलं आहे.

काका देतील का रक्त? दंडातून एक छोटी नळी, बस. मी त्यांना लिहीत नाही. हे तुझ्याकडूनच जायला हवं, किंवा जाऊच नये.

खोळी अगदी मापात बसल्या. वळ नाहीत. वहिनीने त्यातली एक गालाला लावून बघितली आणि काकूंना सांगा म्हणाली, पण काय सांगायचं ते तिला पुढे सुचलं नाही. ती बारीक झालीय. दादा आणि ती पाळीपाळीने जागतात. गुंडी मात्र बाळसं धरतेय. डोक्याचा घेर एक्केचाळीस.

उत्तराची घाई नाही, पण वाट आहे.

तुझी,
ठकू

१० जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

सकाळच्या चहाला विषय काढला. तुझं पत्रच वाचून दाखवलं, मोठ्याने, दोनदा. सगळं ऐकून घेतलं आणि ब्लेड आणायला म्हणून बाहेर पडले. दीड तासाने आले ते ब्लेडशिवाय. या वयात कशाला उकरायचं, म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला उकरावं लागेल, मी त्यातच राहते आहे. एक्केचाळीस वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदा बोलले. शिवणयंत्राचं चाक हाताने धरून ठेवलं होतं, नाहीतर बोलवलं नसतं.

मग जेवताना त्यांनी विचारलं, माझ्यात निघालं तर? म्हटलं, तर तुमच्यात निघालं. त्यावर पान तसंच ठेवून उठले. चार दिवस झाले, कामापुरतं बोलतात. काल गॅलरीत उभे राहून खालच्या भाजीवाल्याचा काटा बघत होते. तो काटा खोटा आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, पण निवृत्त झाल्यापासून ते काही बोलत नाहीत.

मी आणखी काय करू? रक्त त्यांचं, दंड त्यांचा. सुई माझ्या हातात जन्मभर असली तरी ती या कामाची नाही. तुझ्या बाईंना सांग, जमलं नाही. तूही मनाला लावून घेऊ नकोस. माणसाला एखादं दार उघडायची भीती वाटते, आणि ती भीती खरी असते. आता मला वाटतं, न विचारतीस तर बरं झालं असतं. मग वाटतं, बरं झालं विचारलंस. दिवसातून दहा वेळा हेच चाललंय.

घेर एक्केचाळीस म्हणजे पहिल्या खोळी दोन महिन्यांत घट्ट होतील. नव्या कापल्या आहेत.

जशी आहे तशी तुझी,
काकू

२४ जुलै

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

काका पहाटेच्या गाडीने कुठे गेले म्हणून तू काळजीत पडली असशील. एव्हाना घरी पोचले असतील, पण काय घडलं ते सांगणार नाहीत. तुला सांगू नको असं ते म्हणाले नाहीत, म्हणून मी सांगते.

मंगळवारी सव्वादोनला खालच्या खिडकीवरून निरोप आला, एक आजोबा आलेत आणि मोठ्या बाईंनाच भेटायचं म्हणताहेत. खाली गेले तर काका, इस्त्रीच्या शर्टात, हातात नव्या खोळींचं पुडकं. गुंडीच्या दुपारच्या झोपेची तपासणी नेमकी त्याच वेळी होती. बाई म्हणाल्या, घरचेच आहेत, बघायचं असेल तर बघू द्या. फाइल माझी नसल्याने मीही काकांसारखीच मागे भिंतीला टेकून उभी होते.

या तपासणीत मूल झोपल्यावर काही वेळ यंत्र काढून ठेवतात, बाई स्वतः पाळण्याजवळ उभ्या राहून. आपल्या बळावर ते किती श्वास घेतं ते बघायचं असतं. मास्क काढला. गुंडी झोपेत होती. पडद्यावरची रेघ हळूहळू सपाट होत गेली. रक्तातल्या प्राणवायूचा आकडा शहाण्णव, त्र्याण्णव, नव्वद. काकांना आकडे वाचायला कुणी शिकवायला नको. ते काचेपाशी गेले. तिला त्रास होतोय का, विचारलं. मी नाही म्हटलं. तिला काहीच कळत नाही, हाच तर रोग आहे. ती धडपडत नाही, रडत नाही, कूस बदलत नाही. तोंड असं शांत, जसं काही पोटभर जेवून झोपलेली. मग काकांनी विचारलं, शेजारी कुणी झोपलेलं असलं तर त्याला कळेल? मी म्हटलं, कसं कळेल काका, आवाजच नसतो.

अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी. लावा ते, म्हणाले. आधी हळू, मग मोठ्याने, मग काचेवर तळहात आपटून. बाईंनी मास्क लावला तो त्यांच्या ठरलेल्या आकड्यालाच, काकांच्या ओरडण्याने नाही. आकडा चढायला लागला. काका तिथल्या लहान मुलांच्या लाकडी खुर्चीवर बसले, गुडघे छातीपर्यंत आलेले. मग शर्टाची बाही वर केली आणि मला विचारलं, कुठे द्यायचं.

अहवाल सहा आठवड्यांनी बंद पाकिटात त्यांच्याच नावावर येईल. नियमाप्रमाणे तो ज्याचा त्याला. मला कळणार नाही, आणि मी कुणाला विचारणारही नाही. दादा-वहिनीला पाच मिनिटं भेटले. वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला. आणि पुडकं माझ्याकडेच विसरून गेले.

धीर धर असं लिहिणार होते. तुला मी काय धीर शिकवणार.

तुझी,
ठकू

८ सप्टेंबर

चि. ठकू हिस,
आशीर्वाद.

पत्रास कारण की, अहवाल गुरुवारी मिळाला. अहवाल समजावून सांगणाऱ्या तिथल्या एका बाईंचा फोन आला, तो गच्चीवर जाऊन घेतला, तोही समजला. सदर दोष माझ्या रक्तात नाही.

तुझी काकू तेव्हा काजं करत होती. तिने मान वर केली. मी तिला सांगितलं, आहे म्हणून. माझ्याच रक्तात निघालं, बाळाला माझ्याकडून गेलं, तुझा काही संबंध नव्हता, असं सांगितलं. हे मी ठरवून केलं नाही. पाकीट फोडेपर्यंत मला वाटत होतं, जे असेल ते सांगायचं.

छत्तीस वर्षं नोकरी केली. एका ग्रॅमचा खोटा शिक्का मारला नाही. लोकांनी घरी येऊन विनवण्या केल्या, तरी नाही. तूही नोंदी ठेवण्याचं काम करतेस, म्हणून तुलाच लिहितो. त्या दिवशी आई जे बोलली ते मला खरं वाटलं होतं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खरं वाटलं असंही म्हणवत नाही, खोटं वाटलं असंही म्हणवत नाही. मला माहीत नव्हतं. माहीत नसताना बोलू नये, हा माझा नियम. तो नियम तुझ्या काकूने खरा पाळला, माहीत नाही ते माहीत नाही म्हणाली, मी नुसता तो धरून बसलो.

पडद्यावरचे आकडे मी विसरू शकत नाही. त्या दुपारी बाळही तसंच पडलं असेल आणि ही शेजारी झोपली असेल. किंवा तसं नसेल. आता जगात कुणालाही सांगता येणार नाही.

तुझ्या कागदात जे खरं ते राहू दे, त्यात खाडाखोड नको. पण तुझ्या काकूपाशी तू काही बोलू नयेस एवढी विनंती आहे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही.

तुझा,
काका

१३ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अहवाल तुमचा आहे. त्यावर बोलायचा मला अधिकारच नाही, त्यामुळे मला वेगळं वचन द्यावं लागत नाही. तरी देते.

फक्त एक सांगते, तुम्हाला, तुमच्यापुरतं. नाही आलं याचा अर्थ काकूच्या हातून झालं, असा कृपा करून लावू नका. लावला असेल तर काढून टाका. नाहीचा अर्थ फक्त नाही. त्यापलीकडे आमच्याकडे काही नाही, आणि याचं तुमच्याइतकंच मलाही वाईट वाटतं.

गुंडी नऊ दिवस दवाखान्यात होती. पुन्हा सर्दी, यावेळी छातीत उतरली, दिवसासुद्धा यंत्र लावावं लागलं. मी रोज काम संपल्यावर तिच्या पलंगाशी उभी राहायचे. मला ती रेघ वाचता येते, काका, दुसरं काही करता येत नाही. काल घरी सोडलं. पुढच्या सर्दीला काय, असं दादाने विचारलं. बाई म्हणाल्या, बघू.

तब्येतीला जपा. दोघांनाही माझा नमस्कार, आणि एकालाच लिहिलेलं हे पत्र.

आपली,
ठकू

२ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या काकांचा अहवाल आल्याचं तुला कळलं असेल किंवा नसेल. मला त्यांनी सांगितलं, त्यांच्याच रक्तात निघालं. काज करता करता ऐकलं. सुई खाली ठेवली आणि रडले, चांगली तासभर. त्यांनी पाणी आणून दिलं. त्या दिवशी मला खरंच वाटलं की छातीवरचा दगड कुणी उचलला.

मग ते सांगत सुटले. वरच्या मजल्यावरच्यांना सांगितलं, गणवेशाच्या दुकानदाराला सांगितलं, न विचारता, जिन्यात थांबवून. हा माणूस भाजीचा भाव विचारला तरी एका शब्दात सांगतो, आणि तोच आता चार लोकांत आपल्या रक्ताच्या गोष्टी सांगतोय. मी म्हटलं, अहवाल दाखवा. हरवला, म्हणाले. विजेचं एकोणीस वर्षांपूर्वीचं बिल ज्याच्या फायलीत सापडतं त्याचा अहवाल हरवला! मी शोधला नाही. एका माणसाबरोबर एवढी वर्षं काढल्यावर कागद लागत नाही गं.

तू यावर हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. तुझा नियम असेल, आणि त्यांनी तुला काही लिहिलं असेल तर तेही राहू दे. मी त्यांना काही बोललेली नाही. बोलणारही नाही. ते सकाळी दाढी करताना हल्ली गुणगुणतात.

पण तुला सांगते, मला आधी राग आला. असा राग, की कात्री कापडाऐवजी पाटावरून गेली. हेच त्या दुपारी बोलायचं होतं. तेव्हा तसं नाही आई म्हटलं असतं, तर ते खोटंसुद्धा नव्हतं. कुणालाच काही माहीत नव्हतं. तेव्हा ते ऐकायला घर भरलेलं होतं. आता सासूबाई नाहीत, भाऊजी नाहीत, त्या बायका नाहीत. ऐकायला उरले कोण, तर मी, आणि मला ते पटलं नाही. जन्मात एकदा खोटं बोलले, तेही धड जमलं नाही. त्या दुपारी काय झालं ते मला कळणार नाही, हे आता मला पुरतं कळलं आहे. यावर हसावं की काय करावं, ते तूच सांग. संध्याकाळी दारात येऊन चहा करू का म्हणाले. केला. साखर दुप्पट पडली होती. मी प्यायले.

सूनबाईचं पत्र आलंय. तुला न विचारता लिहिलं आहे, म्हणते. दादाची रजा संपली, ती एकटी पडते, दुपारी तासभर तरी डोळा लागला तर बरं, पण गुंडी झोपलेली असताना जागं राहील असं भरवशाचं माणूस मिळत नाही. काकू, तुम्ही याल का, असं लिहिलंय. चार वेळा वाचलं. कुठे काही खोच आहे का म्हणून वाचलं, नाही. तिला सगळं माहीत आहे आणि तरी तिने मला लिहिलं.

आम्ही सोमवारी निघतो. मला भीती वाटते हे तुला लपवत नाही. ते यंत्र वाजलं तर काय करायचं ते तू मला दहा वेळा शिकव, मी म्हातारी आहे म्हणून लाजू नकोस. त्याने काय होणार, पुढची सर्दी थोडीच थांबणार आहे. पण सूनबाईला सांग, दुपारी निर्धास्त झोप. त्या दिवसापासून आजपर्यंत दुपारी माझा डोळा लागलेला नाही, आता काय लागणार.

बाकी भेटीअंती. तोवर आठवण काढत राहा,
काकू